बिननावाचा डबा

माझ्या घरात नाव घातलेलं एकही भांडं नाही. लग्नात आलेली भांडी नावं घालायला न्यायची म्हणून आईनं पिशवीत भरली, तेव्हा मी ती पिशवी तिच्या हातातून काढून घेतली. "अगं, शेजारीपाजारी गेली तर ओळखायची कशी?" आई म्हणाली. ओळखता येऊ नयेत, हेच तर मला हवं होतं. पण ते समजावायचं म्हणजे इंदूमावशींपासून सुरुवात करावी लागली असती, आणि लग्नघरात इंदूमावशींचा विषय काढायची सोय नव्हती. फुटलेले जबडे आणि मोडलेली मनगटं वगळून त्यांच्याबद्दल काही सांगताच येत नाही.

पाथर्डीत खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. घरात मार खाणाऱ्या बायकांनी तिथं यावं, आणि दवाखाना, पोलीस, कोर्ट, निवारा यांतलं त्यांना जे हवं ते आम्ही मिळवून द्यावं, असं काम. मी तिथली समुपदेशक. समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली, डोक्यात पुस्तकं, आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातले तक्ते : गोपनीयता, सन्मान, निर्णयाचा अधिकार. इंदूमावशी कागदोपत्री मदतनीस, म्हणजे माझ्या हाताखालच्या. त्या तक्त्यांचा उपयोग भिंतीची ओल झाकायला होतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मला ऐकवलं.

त्या भिंगारच्या. तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होत्या. निवृत्त झाल्यावर नातवंडं सांभाळायची सोडून रोज सकाळच्या एसटीनं पाथर्डीला यायच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, चालताना जमीन दाबत चालल्यासारख्या. कानांत काही घालायच्या नाहीत, कारण घालायला जागाच नव्हती. दोन्ही पाळ्या खालपर्यंत चिरलेल्या. एकदा एका आलेल्या बाईनं त्यांना विचारलं, तेव्हा मलाही कळलं. "नवऱ्यानं वढलं," मावशी म्हणाल्या. "डावा पगाराच्या दिशी, उजवा पगार सपल्याच्या दिशी. मधल्या दिसांत मानूस बरा हुता." ती बाई हसली. ओठ फाटलेला असल्यामुळे हसताना तिला दुखलं, तरी हसली.

पुस्तकात कुठंच नसलेल्या गोष्टी त्या करायच्या. येणाऱ्या बाईची खुर्ची अशी मांडायच्या की दार तिच्या नजरेसमोर राहील. पाठीशी दार असलं की मार खाल्लेली बाई बोलत नाही, सारखी मागं बघते, हे मला माहीत नव्हतं. जखमेला औषध लावतानासुद्धा त्या आधी विचारायच्या, "हात लावू का?" रक्त वाहत असलं तरी विचारायच्या. एकदा मी वैतागून म्हणाले, "मावशी, विचारत काय बसता, पुसा ना!" बाई गेल्यावर त्यांनी मला सुनावलं. "न इचारता हात लावनारा तिच्या घरी हाय. दुसरा हितं कशाला पायजे?"

पण बाईशी त्यांची वागणूक वेगळी आणि बाकीच्या जगाशी वेगळी. जगाशी त्या भांडायच्याच. एका वस्तीवरची सून डोक्याला टाके घालून आली. मागोमाग तिचा सासरा आणि गावातले दोन वजनदार लोक तडजोडीला आले. पोरगी जिन्यावरून पडली, असं सासऱ्याचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, "कुठला जिना? तुमची वस्ती पाह्यलीय मी. चढायला तुमच्याकडं एका बाभळीशिवाय काय न्हाई." मग वजनदारांपैकी एकानं समजुतीचा सूर लावला. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, मावशी. मावशींनी त्या सुनेकडं बोट न दाखवता नुसती मान वळवली. "भांड्याला भांडं लागतंय, व्हय. मग दोन्हीला पोचे पडाया पायजेत. तुमच्याकडं एकाच भांड्याला पोचे, दुसरं कसं काय चकाचक?" तिघंही चहा न घेता गेले. ती सून मात्र महिनाभरानं स्वतःहून नांदायला गेली. मला वाटलं, मावशी चिडतील. त्यांनी तिला जाताना आपल्या पिशवीतली टाक्यांवर लावायची मलमाची ट्यूब दिली, बास. ती पुन्हा आली, पुन्हा गेली. चौथ्या वेळेला मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तुला स्वतःची किंमत आहे की नाही, वगैरे. ती खाली मान घालून ऐकत होती आणि तिच्या मानेवर बोटांचे निळे वळ होते. मावशींनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि जिन्यात उभं करून म्हणाल्या, "तिचा नवरा बी हेच म्हनतो तिला. शब्द जरा वेगळे असतील." मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लाज वाटली. ती आजही वाटते.

आणि स्टँडवरची गोष्ट. आम्ही दोघी नगरच्या गाडीची वाट पाहत होतो. आदल्या दिवशी तीन तास आमच्यापाशी बसून रडलेली एक बाई नवऱ्यामागून चालत आली. मी ओळखीचं हसले. तेवढ्यात मावशींनी दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा डाग होता. "पाटी वाच," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "कसली पाटी?" "गाडीची. कुठलीबी. वाच." मी गाडीवरची पाटी वाचत राहिले, ती जोडी पुढे गेली. मग मावशींनी नियम सांगितला. बाजारात, लग्नात, एसटीत आपली बाई दिसली तर आपण तिला ओळखत नाही. तिनं आपणहून ओळख दाखवली तर बोलायचं. नाही दाखवली तर पाटी वाचायची. "तू हसलीस, तर घरी गेल्यावर तो इचारतो, ती कोन हुती. मग ती काय सांगल?"

आता डब्यांचं. ही मावशींचीच युक्ती होती. बाई घर सोडते तेव्हा तिच्या हातात काही नसतं. आधार कार्ड, पोरांचे दाखले, सगळं नवऱ्याच्या पेटीत. दुसरीकडं जाऊन उभं राहायचं तर कागद लागतात. म्हणून कागद एकेक करून आधी बाहेर काढायचे. पण ठेवायचे कुठं? माहेरी ठेवले तर भाऊच परत नेऊन देतो. मावशींनी उत्तर शोधलं पिठाच्या गिरणीत. आसपासच्या चार-पाच गावांतल्या गिरण्या त्यांनी हेरल्या होत्या, जिथं गिरणीवर बाई बसते. त्या भागात पुरुष दळण न्यायला सहसा येत नाही. बाईनं दळणाचा डबा न्यायचा, आणायचा. शिवाय तिचा एक दुसरा डबा गिरणीच्या मागच्या फळीवर राहायचा, वर मूठभर गहू, खाली प्लास्टिकात गुंडाळलेले कागद, पोराचा एक जोड कपडा. हे दुसरे डबे म्हणजे तेलाचे जुने पत्र्याचे डबे, गंजलेले, कान तुटलेले, ज्यांच्याकडं कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असे. मी एकदा विचारलं, चांगले डबे का नको? "चांगल्या वस्तूला धनी असतो," मावशी म्हणाल्या. "भंगाराला न्हाई." मी हे एका कानानं ऐकलं.

सविता आली ती पावसाळा सरता सरता. पाथर्डीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावची, पदरी सात वर्षांची एक मुलगी. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसली तर अर्ध्या कोयत्याला कुणी नेत नाही, म्हणून तो तिला सोडणार नव्हता. मागच्या वर्षी फडात त्यानं तिला उसानंच मारलं होतं, मांडीवरची कातडी सोलून निघेपर्यंत. तिनं लुगड्याची घडी सरकवून दाखवलं. मी खिडकीकडं बघितलं, मावशींनी मात्र नीट पाहिलं. "गावात मारतो तर शेजारी तरी असत्यात," सविता म्हणाली. "तिकडं मेले तर उसाच्या पाचटात घालून पेटवून देईल. कुनाला कळायचं बी न्हाई." ती शांतपणे सांगत होती. दसऱ्याच्या आधी तिला मुलीसकट बाहेर पडायचं होतं. एवढीच तिची मागणी.

गिरणीवरच्या जनाबाईंना मावशींनी सांगून ठेवलं. फळीवरचा सविताचा डबा मात्र फारच सडलेला निघाला. तळाला भोक, मुलीचा शाळेचा दाखला ओला झाला. त्याच सुमारास एका दानशूर माणसानं आमच्या केंद्राला चाळीस स्टीलचे डबे दिले होते, आणि मी हौसेनं प्रत्येकावर केंद्राचं नाव घालून आणलं होतं. नाव घालायचंच असतं, आपल्यात कुणी विचारतंसुद्धा नाही. मावशी त्या आठवड्यात नातीच्या आजारपणामुळं रजेवर होत्या. सविता कागद भिजल्याचं सांगायला आली, आणि मी तिला एक नवा कोरा, चकचकीत डबा दिला. ती संकोचली. "बाई, लई भारी हाय." मी म्हणाले, "घे गं, तुझ्यासाठीच आहे." काहीतरी चांगलं केल्याच्या आनंदात मी त्या दिवशी घरी गेले, हेही लिहूनच ठेवते.

चार दिवसांनी जनाबाई माहेरी गेल्या. गिरणीवर त्यांची जाऊ बसली होती. सविताची सासू दळण न्यायला आली, तिला फळीवर तो डबा दिसला. कुणाचा, म्हणून विचारलं. जावेला आतलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, तुमच्याच सुनेचा की. सासूनं दोन्ही डबे उचलून घरी नेले. गंजका पत्र्याचा डबा असता तर तिनं पायानंसुद्धा हलवला नसता.

नवऱ्याला वाचता येत होतं. त्यानं डब्यावरचं नाव वाचलं, आतले कागद अंगणात ओतले, आणि सविताला त्याच डब्यानं मारलं. तोंडावर, डब्याची कड लावून, पुन्हा पुन्हा. जबडा दोन जागी मोडला, दात पिठात पडले. मुलीनं मधे पडून आईचे पाय धरले तेव्हा तिला भिंतीवर आपटलं. मग तो ऊसतोडीच्या मुकादमाला भेटायला गेला. सविता पदर जबड्याला दाबून, मुलीचं बोट धरून, भर दुपारी गावातून गिरणीपर्यंत चालत गेली. लोक दारात उभे राहून बघत होते. जनाबाई परतल्या होत्या. त्यांनी गिरणी चालूच ठेवली, दोघींना पोत्यांमागं बसवलं, आणि मावशींना फोन केला. मावशी भिंगारहून रिक्षा करून परस्पर गेल्या. सविताला कुठल्या दवाखान्यात नेलं, तिथून कुठं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात आल्या, साडीला पीठ लागलेलं. मी विचारलं. "जिती हाय," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाकीचं तुला ठाऊक नसलेलं बरं." मला तो अपमान वाटला. शेवटी प्रमुख मी होते.

अकराच्या सुमाराला तो जिना चढून आला. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात तो डबा. डबा त्यानं माझ्या टेबलावर आदळला. चेपून वाकडा झालेला, कडेला रक्त वाळलेलं आणि त्यावर पीठ चिकटलेलं. नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

"दहावी पास हाय मी," तो म्हणाला. "वाचता येतं मला. बायको कुठं हाय माझी?"

मी काही बोलायच्या आत त्यानं माझा अंबाडा धरून मान मागं वाकवली आणि कोयता गळ्याला लावला. पातं थंड नव्हतं, उन्हातून आल्यामुळं गरम होतं. मी ओरडले, "मला माहीत नाही!" तो म्हणाला, खोटं बोलू नको. मी पुन्हा तेच ओरडले. खरं तेच होतं. आणि याहून खरं म्हणजे, मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. गावाचं नाव, दवाखान्याचं नाव, खाटेचा नंबर, सगळं. माझ्या तक्त्यावरची गोपनीयता माझ्या डोक्याच्या वर बरोबर हातभर अंतरावर होती.

"तिला न्हाई ठाऊक," मावशी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "मला ठाऊक हाय. तिला सोड, मला इचार."

त्यानं मला सोडलं. मावशींचा उजवा हात धरून टेबलावर दाबला. "सांग."

"न्हाई."

कोयत्याच्या पाठीनं त्यानं मनगटावर मारलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मावशींचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला.

"सांग म्हातारे!"

"ठाऊक हाय. सांगत न्हाई."

त्यानं पुन्हा मारलं, त्याच जागी. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला वाटत होतं, मावशी, सांगून टाका. हो, मला तसं वाटत होतं. तिसऱ्यांदा त्यानं कोयता फिरवून धार खाली घेतली, तेवढ्यात माझ्या ओरडण्यानं खालच्या दुकानातले हमाल वर आले आणि त्याला खताच्या पोत्यासारखं खाली दाबलं. त्यांनी त्याला मारायला सुरुवात केली तेव्हा मावशी लोंबता हात दुसऱ्या हातात धरून म्हणाल्या, "बास. हितं नका मारू. ह्या खोलीत नको."

पोलीस आले. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, मावशी, त्याच्या बायकोचा पत्ता द्या, जबाब घेतो, केस पक्की होईल. मावशी म्हणाल्या, "हात माझा मोडलाय. माझ्या हाताची फिर्याद घ्या. तिची ती दील, तिला द्यायची असली तर."

प्लास्टर घालून झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि रडत सगळं ओकले. डबा मी दिला, नाव मी घातलं, आणि मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी शिव्या घालाव्यात अशी माझी फार इच्छा होती.

"सांगितलंच असतंस," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं हुतं एकदा. वार्डात. एकीचा नवरा शहाळं घिऊन आला हुता, लई गोड बोलत हुता. माझी बायको कुठली खाट, म्हनला. मी बोटानं दावली. दुसऱ्या दिशी घरी घिऊन गेला तिला. चार दिसांनी ती परत आली, पन वार्डात न्हाई. पोस्टमार्टमला." मग प्लास्टरातून बाहेर आलेल्या सुजलेल्या बोटांकडं त्यांनी पाहिलं. "ह्याच हाताचं बोट हुतं."

डब्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आठवड्यानं प्लास्टर गळ्यात अडकवून कामावर आल्या तेव्हा उरलेले एकोणचाळीस डबे घेऊन आम्ही भंगारवाल्याकडं गेलो. मावशींनी त्याच्याकडून स्टीलच्या बदल्यात तेलाचे गंजके डबे घेतले. तो आमच्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं असणार, दोघी खुळ्या आहेत. देणगीदारही रागावला, पुन्हा त्यानं काही दिलं नाही.

मी तिथं आणखी तीन वर्षं होते. सविताचं पुढं काय झालं, हे मी मावशींना किती वेळा विचारलं असेल! जेवताना, एसटीत, एकदा तर पाया पडून. ती जगतेय ना, तिचा जबडा जुळला का, मुलगी शाळेत जाते का, एवढं तरी. मावशी म्हणायच्या, "गिरनीवर रोज ढीगभर बाया येत्यात. मी काय ध्यान ठिवते?" तो माणूस शिक्षा भोगून सुटून आला होता आणि बायकोला शोधत गावोगाव हिंडत होता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी मला राग यायचा. माझा हक्क आहे, असं वाटायचं. कसला हक्क, ते मात्र सांगता आलं नसतं.

मग लग्न झालं, मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले. मागच्या वर्षी एका कामासाठी पाथर्डीला आले होते. दुपारची वेळ, स्टँडवर गर्दी. लांबून ती जमीन दाबत चालणारी चाल दिसली. मावशी थकल्या होत्या, उजवं मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं तसंच. मी हात वर केला, हाक ओठांवर आली, आणि त्यांच्या शेजारची बाई दिसली. शेजारी एक उंच मुलगी, दोन वेण्या, पाठीवर कॉलेजची बॅग. बाईच्या डोक्यावर पदर होता, काखेत तेलाचा गंजका डबा. एरवी मावशी अशा उभ्या राहायच्या की त्यांच्या पलीकडची बाई कुणाला दिसायची नाही. त्या दिवशी त्या एक पाऊल बाजूला सरकल्या. मुद्दाम, की पाय दुखत होता म्हणून, मला माहीत नाही. त्या बाईचा जबडा एका बाजूला बसलेला होता. ती मुलीला काहीतरी सांगत होती आणि वाकड्या तोंडानं मोठ्यांदा हसत होती.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. नजर माझ्यावरून सरळ निघून गेली, खांबावरून जावी तशी. सविताचंही लक्ष गेलं. तिनं क्षणभर पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. तो तिचा अधिकार होता. मी वर केलेला हात खाली घेतला, केस सारखे केले.

शेजारी खर्ड्याला जाणारी गाडी उभी होती. मी तिच्याकडं तोंड करून उभी राहिले आणि तिची पाटी वाचू लागले. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी पुसलं नाही, वाचत राहिले. मागं त्यांची गाडी लागली, कंडक्टरनं दार ओढलं, घंटी वाजली, गाडी वळून स्टँडाबाहेर पडली.

ती गाडी कुठं चालली होती, ते मी पाहिलं नाही.